सहाची रेघ

त्या दिवशी दुपारी डबा खाऊन आल्यावर मी सासऱ्यांचे साठ दिवस एकावर एक ठेवले. त्यांच्या घरातल्या किटलीनं, गीझरनं आणि टीव्हीनं कोणत्या मिनिटाला किती वीज घेतली त्याच्या रेघा एकाखाली एक न काढता एकमेकींवर काढल्या, एवढंच. नवऱ्याला पाठवायला एक नीटस चित्र हवं होतं. माणसाच्या साठ दिवसांचं चित्र असं काढलं की ते गोधडीच्या उलट्या बाजूसारखं दिसायला हवं, टाके इकडेतिकडे गेलेले. माझ्यासमोर एकच रेघ होती. जाड, काळी, सहाला सरळ वर चढणारी आणि सहा वाजून चार मिनिटांनी सरळ खाली उतरणारी. सातचा गीझर आणि चारचा टीव्हीही तसाच. मला वाटलं, मी एकच दिवस साठदा काढला. कुठं घोडं पेंड खातंय म्हणून सगळा कोड पुन्हा वाचला. तारखा बरोबर होत्या, आकडे वेगळे होते, साठ दिवस साठच होते. शेजारच्या टेबलावरचा गंधार, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इथं मद्रासला आलेला, खुर्ची सरकवत आला आणि म्हणाला, "टायमर लावलाय का कसला?" मी म्हटलं, "माझे सासरे आहेत." तो हसला, मीही हसले. मग तो गेला आणि मी त्या रेघेकडे बघत राहिले. तीन महिने ज्या गोष्टीवर मी मनातून खूश होते तिचीच मला भीती वाटायला लागली.

खूश होते, कारण कल्पना माझी होती. जूनमध्ये सासरे, म्हणजे अप्पा, बसमधून उतरताना पडले. कपाळाला चार टाके आणि गुडघ्याला सूज. गिरिधर, माझा नवरा, म्हणाला, आता पुरे, वेस्ट मांबलमचा फ्लॅट बंद करायचा आणि अप्पांनी आपल्याकडे पेरुंगुडीला यायचं. अप्पा म्हणाले, नाही. बापलेक दोघंही ओरडणारे नाहीत, त्यामुळं भांडण आठवडाभर चाललं. एक गप्प बसायचा, मग दुसरा गप्प बसायचा. कनकाअम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या घरात तीस वर्षं राहिल्या आणि तिथंच गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांनी लावलेली कढीपत्त्याची कुंडी अजून आहे. अप्पांना ते घर सोडवत नव्हतं आणि गिरीला बापाला एकटं सोडवत नव्हतं. मी मध्ये पडले. मी सोलापूरची, तोडगा काढल्याशिवाय मला जेवण जात नाही. मी म्हटलं, तीन महिने बघू. घरातल्या तीन वस्तूंना स्मार्ट प्लग लावते, मी एक छोटा प्रोग्राम लिहिते. सकाळी साडेसहापर्यंत किटली चालू झाली नाही, साडेसातपर्यंत गीझर नाही किंवा दुपारी साडेचारपर्यंत टीव्ही नाही, तर आम्हां दोघांच्या फोनवर अलर्ट येईल. एका दिवसात कितीही आले तरी तो एकच धरायचा; तीन महिन्यांत असे तीन अलर्ट झाले तर अप्पा पेरुंगुडीला. नाही झाले तर त्यांनी त्यांच्या घरात राहायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. दोघांनाही ते पटलं. अप्पांनी फक्त दाराला सेन्सर लावू दिला नाही. "माझ्या घरांत कोण आला, कोण गेला, हें मशीनला कशाला?" असं म्हणाले. मला ते बोलणं आवडलं होतं. मी तो सेन्सर परत केला.

प्रोग्राम लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. कुणा भल्या माणसांनी अशा प्लगशी, दिव्यांशी, पंख्यांशी बोलायची एक लायब्ररी लिहून फुकट ठेवली आहे; सगळं अवघड काम तिच्यात आधीच करून ठेवलेलं असतं, आपण फक्त बोलवायचं. त्या लायब्ररीला मुळात दोनच गोष्टी येतात. वस्तूला विचारायचं, तू चालू आहेस की बंद, किती वीज घेतेस. आणि वस्तूला सांगायचं, चालू हो, बंद हो. दर मिनिटाला माझा प्रोग्राम वेस्ट मांबलमला जाऊन विचारून यायचा. पहिल्याच आठवड्यात चाचणी करताना मी पेरुंगुडीत बसून त्यांचा टीव्ही बंद केला. अप्पा शेजारच्या देविकामामींकडे जाऊन विचारून आले, "करंट गेला कि?" त्यांच्याकडे नव्हता गेला. गिरीला हे सांगितलं तर तो खूप हसला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, मी म्हटलं. पुढं तो उंट कोरियापर्यंत लांब झाला. कारण ऑगस्टमध्ये गिरीला त्याच्या गाड्यांच्या कंपनीनं चार महिन्यांसाठी कोरियाला पाठवलं. तिथं तो रोज सकाळी दहाला कामावर बसला की आधी अप्पांची किटली बघायचा. इथं तेव्हा साडेसहा वाजलेले असायचे. "आली रेघ," असा त्याचा निरोप यायचा. दोनच शब्द, पण त्यांत त्याचा जीव भांड्यात पडलेला मला ऐकू यायचा. सहाची रेघ हे आमच्या घरातलं एक नाव झालं होतं, जसं दुधाचं पातेलं असतं.

आणि अप्पा माझ्यासाठी कोण होते? लग्न ठरलं तेव्हा माझी आई आनंदली होती, मद्रासचा मुलगा असला तरी मराठीच आहे म्हणून. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेली माणसं. मग पहिल्या भेटीत अप्पांनी आईला विचारलं, "तुम्ही अस्के बरें आहांत कि?" अस्के म्हणजे सगळे, पण आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू ते तमिळच बोलतायत. मला मात्र त्यांची मराठी ऐकायला आवडायची. ते 'मला' म्हणत नाहीत, 'मज' म्हणतात. ते 'गेलो' नाही, 'गेलों' म्हणतात. माझ्या मराठीला ते हसायचे. म्हणायचे, तुमचं बोलणं पेपरासारखं आहे. कनकाअम्मा होत्या तोवर ते दोघं आपसात हीच मराठी बोलायचे. गिरी त्यांच्याशी तमिळमध्ये बोलतो आणि चिडला की इंग्रजीत. मी महिन्यातून दोनदा जायची, तास-दीड तास बसायची, नंतर प्लग लागल्यावर ते महिन्यातून एकदा झालं. कशाला जायचं? सगळं दिसत तर होतं. हे वाक्य त्या दुपारी ऑफिसात माझ्या डोक्यात आलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. मी चित्र पुन्हा उघडलं. पहिला महिना वेगळा काढला. तो विस्कटलेला होता, हवा तसा. कधी पाच चाळीसला किटली, कधी सहा वीसला, एकदा दोनदा चालू करून बंद केलेली, विसरले असतील. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन अलर्ट होते. दोन्ही वेळा सकाळी किटली नाही, गीझर नाही. दोन्ही वेळा गिरीनं फोन लावला होता आणि अप्पांनी नवाच्या सुमारास उचलला होता. झोप लागली, म्हणाले. दुसऱ्या वेळेला गिरी म्हणाला होता, अप्पा, आता एकच उरला. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती जाड काळी रेघ सुरू होत होती.

मी अर्धा दिवस रजा टाकली आणि ऑटो केला. रस्ताभर मी वाईटसाईट काही कल्पिलं नाही, उलट डोकं शांत होतं. ओएमआरच्या मोठ्या रस्त्यावर मेट्रोचे खांब एकेक करत मागं जात होते आणि मी हिशेब करावा तसा विचार करत होते, की माणूस असा नेमका कधी होतो. परीक्षेच्या दिवसांत. इस्पितळात. मी पहिली नोकरी लागल्यावर महिनाभर रोज नऊला पाच कमी असताना पोचायची, आधी येऊन खाली झाडाखाली उभी राहायची. भीती असते तिथं माणूस घड्याळासारखा चालतो. मग मला वाटलं, नाही, उगाच साप साप म्हणून भुई धोपटतेय. म्हाताऱ्या माणसांना सवयी लागतात. माझे आजोबा बरोबर साडेबाराला ताटावर बसायचे. पण आजोबांचंही कधी बारा पस्तीस व्हायचं, कधी कुणी आलेलं असायचं, कधी भात कच्चा राहायचा. साठ दिवसांत अप्पांकडे सहाला कुणी आलं नाही, अप्पांचं पोट बिघडलं नाही, अप्पा एकदाही कुशीवर वळून पुन्हा झोपले नाहीत. मांबलम स्टेशनच्या अलीकडे गर्दीत ऑटो अडकला तेव्हा मी उतरले आणि पूल चालत ओलांडला.

दार अप्पांनीच उघडलं. चार वाजायला दहा कमी होते. कपाळावरचा व्रण पांढरा झाला होता, धोतर स्वच्छ, दाढी केलेली. "अय्यो, चारू! सांगून यायचं नाहीं कि?" ते इतके आनंदले की मला लाज वाटली. त्यांनी खुर्ची पुसली, पाणी आणलं, गिरी कोरियात काय जेवतो ते विचारलं. मी सांगत होते. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. ते उठले, टीव्ही लावला, रिमोटनं आवाज अगदी बंद केला आणि परत येऊन टीव्हीकडे पाठ करून माझ्यासमोर बसले. "मग? तिथें भात मिळतो कि?" त्यांच्या खांद्यामागं एक बाई निळ्या साडीत रडत होती, तिचा आवाज नव्हता. मी विचारलं, "अप्पा, काय लावलंय?" त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. "मज माहीत नाहीं. चार झाले कि."

साडेचारला ते उठले, टीव्ही बंद केला आणि परत येऊन बसले. मी तेवढा वेळ काय बोलले ते मला आठवत नाही. मग मी विचारलं, "आणि सहाची किटली? ते पाणी कशाला घेता?" ते जरा संकोचले, पण खोटं बोलले नाहीत. "कापी मी साताला घेतों. सहाचं पाणी निवलं कि कनकाच्या झाडाला घालतों." मग माझा चेहरा बघून मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "हें पहा, तुम्हीं मस्टर ठेवलं. मस्टर ठेवलं कि सही करायची. तुज कळत नाहीं, तूं कंप्यूटर ऑफिसांत आहेस. मी छत्तीस वर्षें सरकारी ऑफिसांत होतों, आवक-जावकला. आमच्यांत अर्धे लोक खुर्चीला कोट लावून जायचे. कोट हजर, माणूस बाहेर, कापी घेतो, मॅच पाहतो. मी एक दिवस केलं नाहीं. दहाला सही, पांचला सही." मी म्हटलं, "अप्पा, हे मस्टर नव्हतं. तुम्ही तुमचं जसं चालायचं तसंच चालायचं होतं. आम्हाला नुसतं दिसायला हवं होतं." "तसंच चाललों, पहिल्या महिन्यांत," ते म्हणाले. "दोन लाल शेरे पडले कि."

ते दोन दिवस कुठं होते, ते मी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलं नसतं. मैलापूरला होते. त्यांच्या ऑफिसातले मुरलीराव तिथं कुळाजवळ राहतात, देवळाचं तळं त्याला ते कुळ म्हणतात. मुरलीरावांच्या ओट्यावर रोज सकाळी सव्वासहाला चार म्हातारी माणसं बसतात, सगळी तंजावरकडची मराठी. टाळ घेऊन तासभर पदं म्हणतात, मग मेसमध्ये जाऊन कॉफी घेतात आणि नऊपर्यंत गप्पा मारतात. अप्पा वीस वर्षं जात होते. पाच पन्नासची बस, गार पाण्याची आंघोळ, अनशा पोटी. कनकाअम्माही जायच्या, आतल्या खोलीत बायका बसायच्या. हे सगळं गिरीला माहीत होतं, मला एका कानानं माहीत होतं. जूनमध्ये ते पडले ते याच बसमधून. गुडघा बरा झाल्यावर दोनदा ते कुणाला न सांगता गेले, दोन्ही दिवस किटलीची रेघ उठली नाही, आणि मग त्यांनी जाणं सोडलं. मी विचारलं, "साठ दिवस गेला नाहीत?" "कसा जाऊं? सहाला सही, साताला सही. मुरलीराव फोन करतो. म्हणतो, नारायणस्वामी, तुज सुनेनं ड्यूटीवर घेतलं कि?" ते हसले. मी हसू शकले नाही. ते खिडकीतल्या कुंडीकडे बघून म्हणाले, "पदं जाऊं दे. पदं मज येतात, इथें बसूनही म्हणतां येतात. पण नऊपर्यंत आम्ही मराठी बोलत होतों. घरांत आतां कोण आहे बोलायला? भिंत कि?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मला त्यांचा राग आला, सांगितलं का नाहीत म्हणून. आणि स्वतःचा तर इतका आला की दारातल्या चपला उचलून त्या प्लगवर माराव्यात असं वाटलं. घर राहावं म्हणून मी हे सगळं केलं आणि घरात राहायचं ज्यासाठी तेच काढून घेतलं. तीन महिने मी एका माणसाकडे दर मिनिटाला जात होते आणि त्याच्याशी बोलत नव्हते. मी म्हटलं, "उद्या जा मैलापूरला." ते घाबरलेच. "नोको. चार दिवस राहिलेत. चार सह्या. मग घर माझं. तिसरा शेरा पडला तर गिरी सोडणार नाहीं." मी म्हटलं, "आणि चार दिवसांनंतर जाणार?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्या बघण्यावरून मला कळलं की नंतरही ते सहाला किटली लावत राहणार होते, छत्तीस वर्षं सही केली तशी. मी उठून मस्टर काढून टाकायचं म्हणून प्लगकडे गेले, तर ते म्हणाले, "गिरीला न सांगतां? तें कोट लावण्यासारखं होईल, चारू." मी हात मागं घेतला. "बरं," मी म्हटलं. "मग असू दे चालू. शेरा पडायचा तर पडू दे, गिरीशी मी बोलते. पण उद्या तुम्ही पाच पन्नासच्या बसला जा." निघताना त्यांनी मला कढीपत्त्याची एक डहाळी पेपरात गुंडाळून दिली. जाईन म्हणाले नाहीत, जात नाही असंही म्हणाले नाहीत. "पाहूं," एवढंच.

संध्याकाळी गिरीला फोन करायचा म्हणून दोनदा घेतला आणि ठेवला. काय सांगणार होते? उद्या तुझे वडील पहाटे त्याच बसला लटकणार आहेत आणि मीच त्यांना जा म्हटलंय? तो नाही म्हणाला असता, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नसतं. टाके घालताना अप्पांचं डोकं त्यानं धरलं होतं, मी नव्हे.

सकाळी साडेपाचलाच मी लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसले. पेरुंगुडीला त्या वेळी खालच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस सुरू होतात. सहा वाजले. रेघ उठली नाही. सहा एक, सहा दोन. साठ दिवसांनी पहिल्यांदा तिथं सपाट होतं. मला आनंद झाला, खरंच झाला, मी मोठ्यानं "गेले" असंही म्हटलं. मग सहा दहा झाले आणि तो आनंद पातळ होत गेला. बसमध्ये बसलेल्या माणसाची रेघ आणि न्हाणीघराच्या फरशीवर पडलेल्या माणसाची रेघ सारखीच असते, सपाट. माझ्या प्रोग्रामला त्यांतला फरक कळत नाही आणि त्या वेळी मलाही कळत नव्हता. दाराचा सेन्सर असता तर कळलं असतं. फोन लावला असता तर कळलं असतं, पण मुरलीरावांच्या ओट्यावर पदं चालू असताना अप्पांच्या खिशात फोन वाजला असता आणि चार म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं असतं, सून बोलावतेय म्हणून. मी देव पाण्यात घालून बसले. सहा वीसला मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचली याची मला अजून लाज वाटते. नोंदींच्या फाइलीत एक ओळ मी हातानं लिहिली असती तर पुरलं असतं. सहा वाजता, किटली, पंधराशे वॅट. कोरियात रेघ दिसली असती, अलर्ट गेला नसता, घर वाचलं असतं. दहा सेकंदांचं काम. मी फाइल उघडलीही. मग खुर्चीच्या पाठीवर कोटासारखा टाकलेला माझा टॉवेल दिसला आणि मी ती बंद केली. साडेसहाला माझा फोन वाजला, किटलीचा अलर्ट, तिसरा. लगेच मागोमाग गिरी.

"चारू, रेघ नाही."

"हो. बघितलं. ते मैलापूरला गेलेत, मुरलीरावांकडे." मग मी त्याला सगळं सांगितलं, चारचा मुका टीव्ही, झाडाला जाणारं पाणी, मस्टर, भिंत. मी घाईघाईनं सांगत होते. शेवटी म्हटलं, "जा असं मी म्हटलं त्यांना. तिसरा अलर्ट झाला, मला माहीत आहे. न्यायचं तर आपण त्यांना इथं आणू, ते येतील, शब्दाचे पक्के आहेत. इथंही सहाला बरोबर किटली लावतील."

पलीकडे त्याच्या ऑफिसातले आवाज येत होते. मग दार लागल्याचा आवाज आला, तो बाहेर आला असावा. "बसमध्ये चढताना फोन केला त्यांनी तुला?"

"नाही."

"देविकामामींनी बघितलं त्यांना जाताना?"

"विचारलं नाही."

"मग ते गेलेत हे तुला कसं माहीत?"

"माहीत नाही, गिरी."

तो गप्प बसला. बापासारखाच गप्प बसतो. मी बाल्कनीतून खाली बघत होते. एक बाई दारापुढं पाणी शिंपून रांगोळी घालत होती, ठिपके टाकून झाले होते, रेघा अजून काढायच्या होत्या. मग गिरी बोलला आणि मला क्षणभर कळेचना की काय वेगळं वाटतंय. तो मराठीत बोलत होता. माझ्यासारख्या नाही, अप्पांसारख्या, लहानपणी घरात ऐकलेल्या, अडखळत.

"नऊ वाजेपर्यंत मी फोन करत नाहीं," तो म्हणाला. "तूंही करूं नोको."

साडेसातला गीझरचा अलर्ट आला. आम्ही दोघांनी तो बघितला, आणि दोघांपैकी कुणीही फोन केला नाही.